रॅम्प सोडून बाकीचं

"बायचं घर झालं का रे? रॅम्प केलात ना?" असे मेसेज अजून येतायत. (बाय म्हणजे आमच्या भावकीतली व्हीलचेअरवरची मुलगी, तिच्यासाठी गावच्या घरात काम काढलेलं.) हो, केला. पण खरं सांगू का, रॅम्प हे त्या सगळ्यातलं सगळ्यात सोपं काम होतं आणि झालंही सगळ्यात शेवटी. व्हीलचेअर म्हटलं की रॅम्प एवढंच लोकांच्या डोक्यात येतं कारण बँकेत, पोस्टात, एटीएमला तेवढाच दिसतो (तोही बऱ्याचदा इतका उभा असतो की त्यावरून खुर्ची नाही, फक्त मोटारसायकल चढते). म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढू, गावाकडे कुणाच्या मनात असं काही करायचं असेल तर त्याला उपयोग होईल.

आमचं गाव देवगड तालुक्यात, समुद्रापासून जरा वर, सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) उतारावर. भावकीतल्या एका दादाची मुलगी, सगळे तिला बायच म्हणतात, अकरा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाली आणि त्यामुळे हातापायाचे स्नायू कायम आखडलेले, चालता येत नाही, बसायलाही आधार लागतो, बोलणं आम्हाला अर्धं कळतं पण तिला सगळं कळतं आणि कोण घरात आला कोण नाही याचा हिशोब तिच्याकडेच असतो. या आजाराचं असं की मेंदूतली इजा वाढत नाही, पोर मात्र वाढतं. पाच वर्षांची असताना वहिनी तिला काखेत मारून विहिरीवर जायची. आता बाय अठ्ठावीस किलोची झालीय आणि वहिनीच्या कमरेला पट्टा आलाय. दादा रिक्षा चालवतो, दिवसभर बाहेर. म्हणजे उचलणारी एकच.

आणि घर कसं, तर आपलं कोकणातलं असतं तसंच. पाऊस इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्यातला जवळपास सगळा चार महिन्यांत, त्यामुळे पणजोबांनी जोतं चांगलं अडीच फूट उंच घेतलेलं. खळ्यातून (म्हणजे अंगणातून) चार पायऱ्या चढून ओटी, ओटीवरून एक पायरी वर माजघर, दाराला सहा इंचाचा उंबरठा, न्हाणी मागे माडाच्या बुंध्याशी आणि संडास त्याच्याही पलीकडे. १२,००० रुपयांच्या अनुदानात बांधलेला, दोन फुटी दार, भारतीय पद्धतीचं भांडं. बायची खुर्ची २५ इंच रुंद. त्यात ती खुर्ची एका शिबिरात मिळालेली, मोठ्या माणसाच्या मापाची, डोक्याला आधारच नाही. म्हणजे पावसाळ्यात एका हातात छत्री घेऊन, खांद्यावर पोरगी टाकून शेवाळावरून संडासला जायचं. छत्रीचा तसाही काही उपयोग नाही म्हणा, पाऊस तिरका असतो.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मागच्या अंगाची कौलं उडाली, वासे तसेच भिजत राहिले आणि मागची पडवी बसायला लागली. तेव्हा पहिल्यांदा मुंबई मंडळाच्या मिटिंगला हा विषय निघाला. मंडळ म्हणजे देवळाचा जीर्णोद्धार, गणपतीच्या गाड्या आणि वार्षिक क्रिकेट, पण पडवी पाडून तिथे बायसाठी एक खोली आणि संडास-बाथरूम बांधायचं म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, त्यामुळे नकाशा माझ्या गळ्यात.

पैसे जमले, जांभ्याचे चिरे द्यायला एक खाणवाला तयार झाला. अडलं कुठे, तर सह्यांवर.

कोकणात ज्याचं घर आहे त्याला हे सांगायला नको. सातबाऱ्यावर सामायिक नावं, त्यातली निम्मी माणसं देवाघरी, वारस नोंद झालेली नाही, कुणी नालासोपाऱ्याला, कुणी लालबागला, कुणी बडोद्याला. घराला एक चिरा जरी वाढवायचा तर सगळे सहहिस्सेदार संमती द्यायला हवेत. नाहीतर ग्रामपंचायत हात लावू देत नाही आणि उद्या कुणी अर्ज ठोकला तर काम बंद. बायबद्दल सगळ्यांना माया. फोनवर "बिचारी गे ती" म्हणून डोळ्यात पाणी, पण कागद पुढे केला की "बघूया, वकिलाक विचारतंय". एका काकांनी तर सरळच सांगितलं, आज खोली बांधतलास, उद्या हक्क सांगतलास. त्यांना वाईट म्हणत नाही मी, त्यांच्या डोक्यात चाळीस वर्षांचं भांडण आहे ते माझ्या नकाशाने थोडंच मिटणार. शेवटी एक करार केला, साध्या भाषेत, की खोलीमुळे कुणाचा हिस्सा कमीजास्त होणार नाही. आणि कागद घेऊन बसलो गणपतीत, कारण सगळे सहहिस्सेदार एकाच ओटीवर सापडतात ते फक्त तेव्हाच. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि बाय तिथेच मांडवाच्या बाजूला तिच्या त्या खुर्चीत बसलेली. कुणी काही बोललं नाही तिच्याकडे बघून, पण पेन फिरलं. लालबागच्या काकांनी सगळ्यात शेवटी केली आणि वर म्हणाले, माजी सही वाकडी येता, चलता मां?

सरकारी बाजूचंही सांगतो थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व धरलंय, सेरेब्रल पाल्सी त्यात आहे. त्याच कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे घरांच्या सरकारी योजनांत दिव्यांगांना पाच टक्के आरक्षण आहे, पण दादाचं नाव घरकुलाच्या यादीतच नव्हतं त्यामुळे तो दरवाजा बंद. ग्रामपंचायतीने मात्र स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात, हे बऱ्याच सदस्यांनाही माहीत नसतं. लेखी अर्ज दिला आणि त्यातून कमोड आणि आधाराचे दांडे निघाले. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलेलं होतं म्हणून हे जमलं, नसेल तर आधी ते काढा. निरामय नावाची विमा योजना आहे नॅशनल ट्रस्टची, एक लाखापर्यंत, तीही बघा, त्यात थेरपीचा खर्च पण बसतो.

आता नकाशा. मी आधी साहजिकच पुढून रॅम्प काढलेला. नियम एकास बारा, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. अडीच फूट जोत्याला तीस फूट रॅम्प, मध्ये वळायला पाच फुटांचं सपाट. कागदावर मस्त दिसत होतं. वहिनीने कागद बघितला, उलटा करून परत बघितला आणि म्हणाली, "भावजी, तुमचो रॅम्प रवांदे. ह्या चेडवाक दिवसातसून कितीदा भायर न्हेतंय मी? आणि न्हाणयेत कितीदा? आदी न्हाणीचा काय ता सांगा."

बास, तिथून नकाशा तिचा झाला. आम्ही टेप धरायचो आणि ती सांगायची. बायला पलंगावरून खुर्चीत कसं घेते, कुठल्या बाजूने, तिचा उजवा हात कुठे अडकतो, आंघोळ घालताना स्वतः कुठे उभी राहते. पुस्तकात दिलंय की खुर्ची गोल फिरायला पाच फूट बाय पाच फूट मोकळी जागा पाहिजे आणि दार ९०० मिलिमीटर स्वच्छ उघडायला पाहिजे. ते बरोबरच आहे. फक्त "स्वच्छ" या शब्दाकडे लक्ष द्या, कारण सुताराला तीन फुटी दार सांगितलं की तो चौकटीसकट तीन फूट धरतो, चौकट आणि फळीची जाडी गेली की हातात जेमतेम अडीच फूट उरतात आणि मग खुर्ची ढकलणाऱ्याची बोटं सोलवटतात. चौकट बाहेरून साडेतीन फूट सांगा. पण पुस्तकात हे नाही की पोरीबरोबर आई पण आत असते. तिलाही वाकायला जागा पाहिजे. म्हणून बाथरूम सहा बाय साडेसातचं घेतलं, खोलीतून कापून. त्यावर एका काकांचं म्हणणं, "खोलयेपेक्षा न्हाणी मोठी? राजवाडो आसा काय?"

कुडाळ तालुक्यात मोरे गावात नसीमा हुरजूक यांनी दिव्यांगांसाठी उभी केलेली स्वप्ननगरी आहे, तिथे दिव्यांग माणसं काजूचा कारखाना चालवतात. आमच्यातला एकजण तिथे जाऊन आला आणि आल्यावर त्याने त्या काकांना समोर बसवून जे काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण नंतर ते खोलीवरून काही बोलले नाहीत.

सगळ्यात मोठा शोध लागला तो मागच्या बाजूला. घर उतारावर आहे, त्यामुळे डोंगराकडच्या अंगाला जमीन आपसूकच जोत्याच्या जवळजवळ लेव्हलला येते. म्हणजे परसदारातून आत यायला रॅम्प जवळपास लागतच नाही! इतकी वर्षं सगळे पुढच्या चार पायऱ्यांशी भांडत होते. पण कोकणात फुकट काही मिळत नाही, वरच्या सड्याचं सगळं पाणी त्याच अंगाला येतं. मग दारापासून चार फुटांवर आडवा चर काढला, चिऱ्याने बांधून घेतला, आणि त्यावर लोखंडी जाळी. जाळीच्या पट्ट्या आडव्या, म्हणजे चाकाच्या दिशेला काटकोनात, आणि फटी बोटभरापेक्षा बारीक. उभ्या टाकल्या तर पुढची छोटी चाकं त्यात अडकतात आणि पोरगी तोंडावर येते. वेल्डरला हे समजावताना शेवटी खुर्ची टेम्पोत घालून त्याच्या दुकानात न्यावी लागली.

काम सुरू करताना गावकाराने गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा म्हणून सुरुवात, सगळ्या देवांची नावं, मग "ह्या लेकराक ह्या वास्तूत सुखान खेळव, बांधणाऱ्यांच्या हातीपायी येश दी, आणि मिरगाच्या आदी छप्पर पडांदे रे म्हाराजा." आम्ही मागून व्हय म्हाराजा. सगळ्यात मोठ्याने बाय ओरडली.

मिरगाआधी छप्पर ही खरी डेडलाईन. आणि मे महिना म्हणजे गावात माणूस मिळत नाही कारण सगळे हापूसच्या बागेत, मजूर आधीच बुक झालेले. त्यामुळे मुंबईची पोरं, जवळच्या वाडीतले दोन-तीन मच्छीमार (समुद्र शांत असतानाही आले, विशेष), तालुक्यातली पॉलिटेक्निकची मुलं असे मिळून जमले. एक चिरा तीस-पस्तीस किलोचा. साखळी लावून हातोहात वर चढवले, पहिल्या दिवशी तीस-चाळीस जण, गाणी, सरबत, फोटो, ड्रोन पण आणलेला कुणीतरी. स्लॅबच्या दिवशी तर जत्रा. आणि त्यानंतर? स्लॅबवर आणि भिंतीवर पाणी मारायला कोण? बॅटिंगला सगळे, फिल्डिंगला कुणी नाही. मे महिन्यात आमच्या विहिरीचा तळ दिसतो, जिथे जूनमध्ये धो धो कोसळणार तिथेच टँकरची वाट बघायची. गोणपाट भिजवून स्लॅबवर पसरले आणि त्यावर पाणी मारायचं काम शेवटी वहिनीने आणि शेजारच्या काकींनी केलं, रोज सकाळ-संध्याकाळ. त्यांचे फोटो कुठल्याच ग्रुपवर नाहीत. पुढच्या वेळी मी माणसं बोलावताना आधी क्युरिंगची यादी भरणार आणि मग स्लॅबची.

मिस्त्री आमचा जुना, हात सोन्याचा, पण एका गोष्टीवर आमची जुंपली. बाथरूमची फरशी खोलीपेक्षा दोन इंच खाली घ्यायची हे त्याच्या रक्तात आहे. मी म्हटलं अर्धा इंच पण नको, सपाट पाहिजे. "अर्धो इंच म्हणजे काय्येक नाय ओ," तो म्हणाला. मग वहिनीने बायला खुर्चीत बसवून त्याच्या हातात खुर्ची दिली आणि अर्ध्या इंचाच्या फळीवरून ढकलायला सांगितलं. पुढची चाकं लहान असतात, धडकतात, आणि खुर्चीतल्या माणसाला धक्का बसतो तो वेगळाच. बायचं अंग धक्क्याने एकदम ताठ होतं, तिच्या आजारात तसं होतं. त्याने ते बघितलं. मग फरशी सपाट ठेवून दाराच्या रेषेत लांबडी जाळी टाकली, आतला उतार सगळा त्या जाळीकडे आणि कोपऱ्यातल्या मोरीकडे. "मगे पाणी भायर इला तर माका गाळी घालू नकात," एवढं बोलून घेतलंच त्याने.

दांड्यांचं एक महत्त्वाचं. जांभा दगड मऊ, भोकाभोकाचा, त्यात फास्टनर मारला तर आज बसतो आणि वजन पडलं की चिऱ्याचा तुकडा घेऊन बाहेर येतो. म्हणून जिथे जिथे आधाराचा दांडा येणार तिथे भिंत बांधतानाच एका चिऱ्याच्या जागी काँक्रीटचा ठोकळा भरला. हे आधी ठरवलं तरच होतं, प्लास्टर झाल्यावर आठवलं तर भिंत फोडा. आणि दांडे ३१६ ग्रेडच्या स्टीलचे, कारण खाऱ्या हवेत साध्या ३०४ वर पण दोन पावसाळ्यात तांबूस डाग चढतात, लोखंडाचं तर विचारूच नका. कमोड साडेअठरा इंचावर, खुर्चीच्या सीटच्या लेव्हलला, म्हणजे उचलायचं नाही, सरकवायचं. नवीन खुर्ची मापाची करून घेतली, डोक्याला आणि बाजूने आधार असलेली. आणि स्लॅबमध्ये पलंगाच्या बरोबर वर एक जाड हूक सोडून ठेवलाय. आज तिथे काही नाही. बाय पंधरा-सोळा वर्षांची होईल तेव्हा झोळीवाला हॉईस्ट (माणूस उचलायचं यंत्र) लावता येईल. सध्या त्या हुकाला बायने फुगे लावायला लावलेत.

स्लॅबवर पत्रे टाकले, कारण कोकणात नुसता स्लॅब म्हणजे तिसऱ्या वर्षी बादल्या मांडायची तयारी. छप्पर मिरगाच्या आधी झालं. जुलैमध्ये मिस्त्रीचं भाकीत अर्धं खरं ठरलं. बाथरूमचं पाणी खोलीत आलं नाही, पण मागच्या दारातून झड आत आली, कारण दाराला उंबरठाच नाही. आता दाराखाली रबरी पट्टी लावलीय आणि वर पत्र्याची चार फुटी शेड काढलीय.

उद्घाटनाला एक पुढारी येणार होते, बॅनर पण छापलेला. वहिनीने विचारलं, फोटोत बाय असणार काय? हो म्हणाले. मग नको म्हणाली. सत्यनारायण घातला आणि जेवणं झाली, तेवढंच.

आता तो रॅम्प. मागचं दार झालं, रोजचं अडत नाही, तर पुढचा रॅम्प कशाला, असं खर्चाच्या मिटिंगमध्ये कुणीतरी बोललं आणि हिशोबाने बोलायचं तर चूक नव्हतं. पण शिमग्याला पालखी येते ती खळ्यात, भजनं होतात ती ओटीवर, पाहुणा येतो तो पुढून. बायला मागच्या दाराने आणायचं आणि मागच्याच दाराने न्यायचं हे दादाला पटेना. दादा एरवी मिटिंगमध्ये तोंड उघडत नाही. मग माजघरातून ओटीवर उतरायला सुताराने सहा फुटी फणसाच्या फळीचा उतार केला आणि ओटीवरून खळ्यात तीस फुटांचा तो बहुचर्चित रॅम्प, वळसा घेऊन, पाऊस गेल्यावर. वर खराट्याने आडव्या रेघा मारल्यात, नाहीतर शेवाळ धरलं की घसरगुंडी. तरी पावसाळ्यात ब्लीचिंग टाकून घासावा लागणार, त्याला इलाज नाही. वाडीतली पोरं सायकली घेऊन दिवसभर त्यावरून खाली येतात आणि बाय वरून कोण पुढे कोण मागे ते ओरडून सांगते, भांडणं पण लावते.

राहिलंय ते खळ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचं. पाखाडी आहे, जुनी, चिऱ्याच्या पायऱ्यांची, आणि ती तिघांच्या जमिनीतून जाते. म्हणजे परत सह्या. दोन मिळाल्यात. तिसरे गृहस्थ दिवाळीत गावाला येतायत, तेव्हा बसणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी मेसेज टाका, पण खरंच सांगतो, हात भरपूर आहेत, आम्हाला एक चांगला प्लंबर हवाय जो फोन उचलतो, कारण गिझरची लाईन अजून टपकतेय.